धडधाकट माणसाचे रक्त कशाला?

गोरेगाव स्टेशनावरून पूर्वेकडे निघाले की थोड्याच वेळात आरे कॉलनी लागते. ही जागा मुंबईतच आहे, पण मुंबईसारखी दिसत नाही. झाडी दाट. रात्री बिबट्या फिरतो. रस्त्याच्या कडेने म्हशींचे तबेले आहेत आणि आत झाडीत वारली लोकांचे पाडे आहेत. पाडे जुने, कॉलनी नंतरची. शहराच्या गल्लीबोळांतले गोठे बाहेर न्यावेत आणि लोकांना चांगले दूध मिळावे, म्हणून १९४९ साली सरकारने ही वसाहत वसवायला घेतली. १९५१ साली पंडित नेहरूंच्या हातून तिचे उद्घाटन झाले.

अशाच एका पाड्यावर आमचा संध्याकाळचा वर्ग भरतो. दिवसभर कोणी भाजी विकते, कोणी बंगल्यावर धुणीभांडी करते, कोणी तबेल्यावर असते. दिवेलागणीला पाटी घेऊन बसतात. एके दिवशी वर्गात एक डॉक्टरीणबाई आल्या. तरुण होत्या, बोलायला नम्र होत्या. म्हणाल्या, "आम्ही निरोगी माणसांच्या रक्ताचा अभ्यास करतो आहोत. ज्यांची इच्छा असेल त्यांनी थोडे रक्त द्यावे." एवढे सांगून त्यांनी कागद वाटले आणि आठ दिवसांनी येते म्हणून गेल्या.

बाई गेल्या आणि वर्गात गलका झाला.

एक आजी म्हणाल्या, "मी काय आजारी हाय? मग माझं रगत कशाला?"

तबेल्यावर कामाला जाणारा एक दादा म्हणाला, "मागं एकदा असेच आले होते. बोटाला टोचलं, बाटल्या भरल्या, गेले. कागद नाही, निरोप नाही. काय निघालं ते आजतागायत कळलं नाही."

कोणी आले होते ते त्याला सांगता येईना. पण त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आणखी दोघांनी मान हलवली.

आम्हीही त्या दिवशी पुरते उत्तर देऊ शकलो नाही. म्हणून आठ दिवस आम्ही वाचले, विचारले, आणि रोज थोडे थोडे वर्गात सांगितले. ते सगळे या पाठात लिहिले आहे.

आधी आजींचा प्रश्न. धडधाकट माणसाचे रक्त कशाला?

दादाला आम्ही विचारले, "तुमच्या तबेल्यात दूध चांगले की पाणी घातलेले, हे कसे ओळखतात?"

तो म्हणाला, "लॅक्टोमीटर बुडवतात. फॅट काढतात. म्हशीच्या दुधाला फॅट किती पाहिजे ते ठरलेलं हाय."

"ते कोणी ठरवले? कोणत्या म्हशीचे दूध पाहून?"

तो थांबला. मग हसून म्हणाला, "चांगल्या म्हशीचंच पाहून ठरवलं असणार! आजारी म्हशीचं पाहून कसं ठरवतील?"

आजींच्या प्रश्नाचे उत्तर त्यानेच दिले. चांगले दूध कसे असते ते ठाऊक नसेल, तर बिघडलेले दूध ओळखता येणार नाही. माणसाचेही तसेच आहे. डॉक्टर तुमचे रक्त तपासतात आणि म्हणतात, 'तुमच्या अंगात रक्त कमी आहे.' कमी म्हणजे कोणापेक्षा कमी? निरोगी माणसांच्या रक्ताशी ताडून पाहिल्यावर कमी. त्यासाठी कितीतरी निरोगी बायाबापड्यांनी कधीतरी आपले रक्त तपासायला दिले आहे. ते मोजमाप ज्या लोकांचे, त्या लोकांतूनच घ्यावे लागते. खाणे वेगळे, हवा वेगळी, तर आकडाही थोडा वेगळा येऊ शकतो. युरोपातल्या माणसाचे माप पाड्यावरच्या माणसाला जसेच्या तसे लागू पडेल, असे धरून चालता येत नाही.

तपासायला थोडासा भाग काढून घेतात, त्याला नमुना म्हणतात. रक्ताचा नमुना, थुंकीचा नमुना, लघवीचा नमुना. दुधाच्या कॅनमधून एक लहान बाटली काढतात, तसाच. नमुना देणे आणि रक्तदान करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रक्तदानात ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतात आणि ते दुसऱ्या माणसाला चढवतात. नमुन्यासाठी बहुधा ५ ते १० मिलिलिटर लागते, म्हणजे चहाचे एकदोन चमचे. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. तेव्हा चमचाभर रक्ताने अशक्तपणा येत नाही. सुई टोचते, क्वचित तिथे काळेनिळे होते, दोनचार दिवसांत जाते.

रक्ताचे गट असतात हे आता लहान पोरालाही ठाऊक आहे. ए, बी, एबी आणि ओ. पण हे कळले कसे? १९०० सालच्या सुमारास व्हिएन्ना शहरात कार्ल लँडस्टायनर नावाचे डॉक्टर होते. तोवर एका माणसाचे रक्त दुसऱ्याला दिले, तर कधी तो जगे, कधी तडकाफडकी मरे. का मरे ते कोणालाच कळत नसे. लँडस्टायनरांनी कोणा आजाऱ्याला हात लावला नाही. त्यांनी स्वतःचे रक्त काढले आणि आपल्याबरोबर काम करणाऱ्या निरोगी सोबत्यांचे काढले. एकाच्या रक्तातले पाणी दुसऱ्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींत मिसळून पाहिले. काही ठिकाणी काहीच झाले नाही. काही ठिकाणी नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या. त्यावरून १९०१ साली त्यांनी रक्ताचे गट सांगितले. चौथा गट, एबी, पुढच्या साली सापडला. १९३० साली लँडस्टायनरांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज जगभर जे रक्त चढवले जाते, त्याचा उगम त्या मूठभर धडधाकट माणसांच्या चमचाभर रक्तात आहे.

आता आपल्या मुंबईची गोष्ट सांगतो. ही गोष्ट वर्गाला फार आवडली. दोनदा सांगावी लागली.

१९५२ साली मुंबईत डॉक्टर वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांना तीन माणसांचे रक्त चमत्कारिक वाटले. गट तपासला तर ए नाही, बी नाही. मग ओ म्हणायचा. पण या माणसांच्या रक्तातले पाणी ओ गटाच्या रक्तात घातले, तर तिथेही गुठळ्या झाल्या. ओ गटाचे रक्त तर सगळ्यांना चालते असे समजत. या तिघांना तेही चालेना! हे नमुने लंडनच्या तज्ज्ञांनीही तपासले आणि त्याच साली 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय पत्रात ही हकीगत छापून आली. या गटाला पुढे आपल्या शहराचेच नाव पडले. शहराचे नाव मुंबई झाले, पण रक्तगट अजून 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणूनच ओळखला जातो.

असे का होते? समजा, घराला जोते असते आणि जोत्यावर भिंत उभी राहते. तांबड्या पेशीवर एच नावाचा पदार्थ असतो, ते जोते. त्यावर ए किंवा बी ची भिंत चढते. ओ गटात भिंत नसते, नुसते जोते असते. बॉम्बे गटाच्या माणसाला जोतेच नसते. त्यामुळे जोते असलेले कुठलेही रक्त त्याच्या अंगाला परके वाटते. त्याला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते. आपल्याकडे सुमारे दहा हजारांत एक माणूस असा सापडतो. युरोपात त्याहून कितीतरी विरळा.

यातला धोका लक्षात घ्या. साध्या तपासणीत हा माणूस ओ दिसतो. तो स्वतः ठणठणीत असतो. त्याला कसलाही त्रास नसतो. एखाद्या बाईला बाळंतपणात रक्तस्राव झाला आणि ओ म्हणून ओ चे रक्त चढवले, तर जिवावर बेतते. म्हणूनच चांगल्या रक्तपेढीत पेशी आणि रक्तातले पाणी दोन्ही तपासतात, आणि चढवण्याआधी दोन्ही रक्ते एकत्र मिसळून पाहतात.

आणि धडधाकट माणसाचे काम इथेच येते. हा गट आईबाप दोघांकडून आलेल्या गुणाने होतो. म्हणून असा एक माणूस सापडला की त्याच्या सख्ख्या भावाबहिणींना तपासतात. दर भावंडाला तोच गट असण्याची शक्यता चारात एक असते. भावंडे निरोगी असतात. ती म्हणतील, 'आम्हाला काय झालंय?' पण तपासणी करून घेतली, तर एकाला दुसऱ्याचे रक्त उपयोगी पडू शकते आणि दोघांनाही आपला धोका कळतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्ने होतात. अशा घरांत हे जास्त दिसते, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

रक्तगटांच्या अशा अभ्यासासाठी १९५७ साली परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात एक सरकारी केंद्र निघाले. आज ती मोठी संस्था आहे. सिकलसेलसारख्या रक्ताच्या आजारांवरही तिथे काम चालते.

एक मावशी मध्येच म्हणाल्या, "ह्या जुन्या गोष्टी झाल्या. आपल्या देखत असं काही झालंय का?"

झाले आहे. करोनाची साथ तुम्ही आम्ही सगळ्यांनी भोगली. २०२० च्या जुलै महिन्यात मुंबईत तीन वॉर्डांत लोकांचे रक्त तपासले. माटुंगा, चेंबूर आणि आपल्या उत्तरेचे दहिसर. हे लोक दवाखान्यात आलेले आजारी नव्हते. घरोघरी जाऊन, ज्यांची तयारी होती त्यांच्याकडून नमुने घेतले. ६,९३६ माणसांनी दिले. रक्तात करोनाशी झगडल्याची खूण आहे का, एवढेच पाहायचे होते. झोपडपट्टीत १०० पैकी ५७ जणांत ती खूण निघाली. इमारतींत १०० पैकी १६ जणांत निघाली. म्हणजे झोपडपट्टीत अर्ध्याहून अधिक माणसांना रोग होऊन गेला होता आणि त्यांतल्या बहुतेकांना पत्ताही नव्हता. फक्त आजारी माणसेच मोजली असती, तर हे कधी कळले नसते. एकाच संडासापुढे शंभर माणसांनी रांग लावायची असेल, तर अंतर कसे राखणार? तो आकडा पाहून हे आम्हाला जितके कळले, तितके दहा भाषणांनी कळले नव्हते.

अजून एक मोठे काम झाले आहे. देशातल्या ऐंशीहून अधिक समाजांतल्या निरोगी माणसांनी रक्त दिले आणि त्यांतल्या सुमारे दहा हजार जणांचा आनुवंशिक नकाशा तयार झाला. आईबापांकडून मुलाकडे जे गुण उतरतात, त्यांची ही नोंद. २०२५ च्या जानेवारीत ती संशोधकांसाठी खुली केली.

इथवर सगळे चांगलेच सांगितले. पण दादाची तक्रार अजून बाकी आहे. ती बाजूला सारली, तर हा पाठ खोटा होईल.

१८९७ साली मुंबईत प्लेग होता. वाल्डेमार हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने इथेच प्लेगची लस तयार केली. १० जानेवारीला त्याने ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, दुखले, पण तो त्यातून उठला. मग भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा कैद्यांना विचारले आणि जे तयार झाले त्यांना लस दिली. लस घेतलेल्यांत प्लेग कमी झाला. हाफकिनचे उपकार मुंबई विसरलेली नाही. परळला त्याच्या नावाची संस्था आहे. आम्हालाही तो माणूस थोर वाटतो, कारण दुसऱ्याला सुई टोचण्याआधी त्याने स्वतःला टोचली. तरी एक प्रश्न मनात राहतोच. कैद्याला 'नको' म्हणता येत होते का? जेलर समोर उभा असताना माणूस 'हो' म्हणतो, त्याला राजीखुशी म्हणावे का? आज कैद्यांवर असे काही करायचे, तर नियम फार कडक आहेत. ते याच शंकेतून आले आहेत.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. तिथे एका मोठ्या दरीत हवासुपाई नावाचे आदिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्यात मधुमेह फार होता. १९९० पासून ॲरिझोना राज्यातल्या एका विद्यापीठाच्या लोकांनी त्यांचे रक्त घेतले. लोकांनी दिले, कारण मधुमेहावर काही उपाय निघेल असे त्यांना वाटले. पुढे कळले की त्याच रक्तावर दुसरेही अभ्यास झाले. वेडाच्या आजाराचा अभ्यास, जवळच्या नात्यांतल्या लग्नांचा अभ्यास, आणि हे लोक मूळचे कुठले याचा अभ्यास. हवासुपाईंची श्रद्धा अशी की आपण याच दरीत जन्मलो. त्यांच्याच रक्तावरून कोणी लिहिले की तुम्ही दूर देशातून आलात. याबद्दल त्यांना कोणी विचारले नव्हते. ते कोर्टात गेले. २०१० साली विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले आणि उरलेले रक्त परत केले. त्या लोकांनी ते आपल्या दरीत नेले.

ही गोष्ट ऐकून वर्ग बराच वेळ गप्प होता. आजी म्हणाल्या, "आपलं रगत म्हंजे आपले पूर्वजच की."

आपल्याकडे आता याला नियम आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद ही सरकारी संस्था. तिने २०१७ साली नियमांचे नवे पुस्तक काढले. माणसाचा नमुना घ्यायचा तर आधी एका समितीची परवानगी लागते. त्या समितीत डॉक्टर असतात, कायदा जाणणारा असतो, आणि डॉक्टर नसलेला साधा माणूसही असतो. देणाऱ्याला त्याच्या भाषेत सगळे समजावून सांगावे लागते. त्याची संमती लेखी घ्यावी लागते. ज्याला वाचता येत नाही त्याच्याजवळ एक साक्षीदार बसवावा लागतो, आणि तो साक्षीदार संशोधकांचा माणूस असून चालत नाही. देणारा मध्येच 'आता नको' म्हणू शकतो. तसे म्हटल्याने त्याच्या औषधपाण्यात काही कमी करता येत नाही. येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेला रोज मागता येतो. पण पैशाची लालूच दाखवून कोणाला तयार करता येत नाही.

आता त्या कागदाकडे वळू. कागद दोन पानी होता, मराठीत होता. वर 'संमतीपत्र' असे लिहिले होते. संमती म्हणजे होकार. वर्गाने तो आठ दिवस पुरवून पुरवून वाचला. 'गोपनीयता' या शब्दाला सगळे अडखळले. गोपनीयता म्हणजे तुमचे नाव कोणाला न सांगणे. नमुन्याच्या बाटलीवर नावाऐवजी आकडा टाकतात. आम्हाला वाटले, असले शब्द लिहिणाऱ्यांना एकदा आमच्या वर्गात बसवावे.

वाचून झाल्यावर आम्ही फळ्यावर काही लिहून दिले नाही. म्हटले, ज्याला जे विचारायचे ते त्याने आपल्या वहीत लिहावे. मावशींनी लिहिले, 'किती चमचे'. दादाने लिहिले, 'रिपोट मिळनार का'. र्ट राहिला होता, पण प्रश्न नेमका होता. एका मुलीने लिहिले, 'पाळीच्या दिवसात द्यावे का'. आजींना अजून जोडाक्षरे येत नाहीत. त्यांनी एकच ओळ लिहिली. 'उरले तर काय करनार'.

आठव्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. एकेक प्रश्न झाला. रक्त दोन चमचे. रिपोर्ट एका महिन्यात, बंद पाकिटात, ज्याचा त्याच्या हातात. अंगात रक्त कमी निघाले तर दवाखान्याची चिठ्ठी मिळेल. पाळीत चालेल, पण तसे सांगा म्हणजे नोंद करतो. तपासणीत आणखी काही निघाले तर तेही समजावून सांगू.

मग आजींची वही पुढे आली. उरले तर काय करणार?

बाईंनी कागद चाळला. दोन्ही पाने पाहिली. पुन्हा पाहिली. मग म्हणाल्या, "आजी, हे यात लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं."

दादा म्हणाला, "मग आता लिवा की. पेन देऊ का?"

बाई म्हणाल्या, "मला इथं बसून नाही लिहिता येणार. समितीनं मंजूर केलेला कागद आहे. मी तो परत नेते, त्यांच्यापुढं ठेवते आणि दुरुस्त करून आणते. तोवर कोणाचं रक्त घेत नाही."

आणि त्या खरोखरच रिकाम्या हाताने गेल्या. येताना बर्फाची पेटी आणली होती, ती तशीच परत नेली. आम्हाला त्या बाईंचे कौतुक वाटले. चूक दाखवली म्हणून त्या रागावल्या नाहीत.

तीन आठवडे गेले. दादा म्हणत होता, येत नाहीत आता. पण त्या आल्या. नव्या कागदावर खाली दोन चौकोन काढले होते. एकापुढे लिहिले होते, 'उरलेला नमुना नष्ट करावा.' दुसऱ्यापुढे, 'उरलेला नमुना पुढील अभ्यासासाठी ठेवावा, पण मला पुन्हा विचारून.' ज्याला जे हवे तिथे खूण करायची. गोपनीयता हा शब्दही काढला होता. त्याजागी लिहिले होते, 'तुमचे नाव कोणालाही सांगणार नाही.'

वर्गात त्या दिवशी एकोणीस जण होते. अकरा जणांनी रक्त दिले. आठ जणांनी दिले नाही. त्यांतल्या एकाला सुईची भीती वाटली, दोघींनी घरी विचारून सांगते म्हटले, बाकीच्यांनी कारण सांगितले नाही. त्यांना कोणी कारण विचारलेही नाही. दादाने दिले. मावशींनी दिले.

आजी शेवटी उठल्या. त्यांचे वय जास्त, म्हणून बाई म्हणाल्या, "आजी, तुम्ही नाही दिलं तरी चालेल." आजी म्हणाल्या, "मी ईचारलं, आन् मीच पळून जाऊ व्हय?" मग त्यांनी पहिल्या चौकोनात खूण केली, नष्ट करावा म्हणून. बाईंनी सवयीने शाईचा पॅड पुढे सरकवला. आजींनी तो बाजूला केला, पेन मागितले आणि सहीच्या रेघेवर आपले नाव लिहिले. रेघ आखूड होती. आडनाव खालच्या ओळीवर गेले.